व्हॉल्व्हमधली शिट्टी

धाकट्या भावाला खोटं पाडायचं म्हणून तिनं आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा माळ्यावरचा जुना स्कोप खाली काढला, आणि तिथंच सगळं फसलं. बेत अगदी साधा होता. त्याच्या गिटारसाठी बनवलेल्या पेडलला स्कोप जोडायचा, हिरव्या पडद्यावर सरळ रेघ उमटेल तिचा फोटो काढायचा, तो त्याला पाठवायचा आणि खाली एवढंच लिहायचं की बघ बाबा, तुझी शिट्टी यात कुठं सापडते का. रविवारची सकाळ होती. नवरा भाजी आणायला गेला होता. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग वर्तमानपत्र अंथरून तिनं कामाला घेतला होता, आणि त्या वर्तमानपत्रावर झाकण काढलेली अॅल्युमिनियमची डबी पोट उघडं टाकून पडली होती. आत बोटाएवढा, जुन्या रेडिओत असे तसला काचेचा व्हॉल्व्ह मिणमिणत होता. तिनं स्कोपचं बटण दाबलं, तो गरम व्हायची वाट पाहिली. रेघ आली, पण सरळ आली नाही. आधी वाटलं, पडदा म्हातारा झाला असेल. तिनं बटण फिरवून रेघ मोठी केली. रेघेला दात होते. कंगव्यासारखे बारीक, एकसारखे, कुठंही न चुकणारे. मोजायला फार अक्कल लागत नव्हती. सेकंदाला बारा हजार. इतक्या उंच सुराला माणसाच्या कानात जागा असते, निदान असायला हवी. तिनं पेडलचा आवाज पूर्ण वाढवला, टेबलावरच्या स्पीकरशी उजवा कान नेला, मग डावा नेला, मग श्वास धरला. फ्रिजची घरघर ऐकू आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली ती ऐकू आली. स्पीकर मात्र तोंडात गुळणी धरून बसला होता.

आधी आला तो वैताग. भीती मागाहून आली, तीही चोरपावलांनी. तिनं वायर बदलली. दुसरा स्पीकर लावला. व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीचं टोक आपटलं, तेव्हा स्पीकरमधून टण्ण असा स्वच्छ आवाज आला, म्हणजे सगळं चालू होतं. चालू नव्हतं ते एकच, आणि ते टेबलावर नव्हतं. लाउडस्पीकरच्या कारखान्यात ऐकण्याच्या केबिनमध्ये तिची सव्वीस वर्षं गेली होती. मालाचा प्रत्येक लॉट बाहेर पडण्याआधी त्यातले वीस स्पीकर तिच्यासमोर येत, ती ऐके, आणि मग कार्डावर शिक्का पडे. कारखान्यात सगळे तिला कानताई म्हणत. नवा साहेब आला तरी पंधरा दिवसांत तोही कानताईच म्हणू लागे. आणि उद्या सोमवार होता. उद्या सकाळी तिला गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या एका लॉटचा निकाल द्यायचा होता. महिन्यापूर्वी त्याच लॉटला तिनं पास म्हटलं होतं, आणि शेजारच्या दोन नंबरच्या केबिनमधल्या बाईनं नापास. त्या वादात ती बाई पॅकिंगला गेली होती.

ते आत्ता नको, असं म्हणून तिनं पुन्हा डबीत डोकं घातलं. ही डबी म्हणजे गेल्या चार महिन्यांची डोकेदुखी. धाकटा एका हॉटेलात संध्याकाळचं गिटार वाजवायचा. वय एकेचाळीस, पण हट्ट करायची पद्धत चार वर्षांच्या मुलाची. गिटारची तार जोरात छेडली की सूर थोडा फाटला पाहिजे, पण फाटलेला दिसता कामा नये, असं काहीतरी त्याला हवं होतं. दुकानातली ट्रान्झिस्टरवाली पेडलं त्याला प्लास्टिकची वाटत. खरा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागतात आणि आत तीनशे व्होल्ट असतात, चुकून हात लागला तर माणूस आडवा. तेव्हा ताई, तू मला एक व्हॉल्व्ह डबीत बसवून दे, भिंतीतल्या साध्या बारा व्होल्टांच्या अडॅप्टरवर चालणारा, पायानं दाबला की सुरू होणारा, एवढंच त्याचं म्हणणं. एवढंच. तिनं त्याला समजावून सांगितलं की तीनशे व्होल्टांवर पोसलेला व्हॉल्व्ह बारा व्होल्टांवर ठेवला तर तो उपाशी राहतो, लवकर दमतो, थोडं मोठं काम दिलं की कुरकुरतो. तर म्हणाला, बरोबर, मला तो कुरकुरणाराच हवाय.

आणि तिथून तिच्या नाकी नऊ आले. जन्मभर तिनं कुरकुर शोधून बाहेर काढली होती. स्पीकरच्या कागदी कोनाला चिकटलेला डिंकाचा थेंब, घासणारी कॉइल, सैल राहिलेला पत्रा, सगळं. आता कुणीतरी सांगत होतं की तीच घाण मुद्दाम तयार कर, आणि नीट तयार कर. पहिलं पेडल तिनं बनवलं ते हाताच्या सवयीनं इतकं स्वच्छ झालं की धाकटा दोन तारा छेडून थांबला आणि म्हणाला की हा बँकेच्या खिडकीतल्या माणसासारखा बोलतो. दुसऱ्या खेपेला तिनं व्हॉल्व्हला अर्धपोटी ठेवलं, तर त्याला ते फारच रडकं वाटलं. मग कसं हवंय, असं विचारलं की याचे हात हवेत फिरायला लागत. गळा भरून आलाय, पण माणूस सावरलाय. सकाळी उठल्या-उठल्याचा आवाज, पण चहा घेतल्यानंतरचा. ओममध्ये सांग, असं ती चिडून म्हणायची, मला चहा नको, किती ओम ते सांग. तो हसायचा. अखेर तिनं आठ पायांची एक इवलीशी चिप आणली. ती चिप बारा व्होल्टांचे जवळजवळ दुप्पट करून व्हॉल्व्हला देई. पोटात दोन घास जास्त गेल्यावर व्हॉल्व्ह सुधारला. हळू छेडलं तर मऊ बोले, जोरात छेडलं तर लाटेचा माथा जरा घासला जाऊन सूर दाटून येई. धाकट्यानं त्या दिवशी डोळे मिटून अर्धा तास वाजवलं आणि निघताना तिच्या डोक्यावर टपली मारली. दुसऱ्या दिवशी हॉटेलातून त्याचा फोन. मस्त आहे ग, पण मागं एक शिट्टी वाजते.

आता पडद्यावरच्या दातांकडे बघताना तिला कळलं की ती चिपच शिट्टी घालत होती. व्होल्ट दुप्पट करायचे म्हणजे ते भांड्याभांड्यानं उपसावे लागतात, आणि चिप सेकंदाला बारा हजार भांडी उपसत होती. हे चिपसोबत आलेल्या कागदावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. चिपचा पहिला आणि आठवा पाय एका वायरनं जोडला की तिचा वेग पाचपट होतो, शिट्टी कुणालाच ऐकू येणार नाही इतकी वर जाते, हेही तिथंच छापलेलं होतं. तिनं ते वाचलं होतं आणि गरज नाही म्हणून सोडून दिलं होतं. गरज नाही, कारण शिट्टी नव्हतीच. तिनं कान लावून ऐकलं होतं. धाकट्यानं पेडल परत आणलं तेव्हा तिनं अर्थिंगची वायर बदलली आणि सांगितलं, गेली बघ. पुन्हा आणलं तेव्हा अडॅप्टर बदलला, गेली बघ. तिसऱ्यांदा पत्र्याची डबी टाकून अॅल्युमिनियमची आणली, पुन्हा सगळी भोकं पाडली, हाताला फोड आले, आणि तेव्हा तर तिनं त्याला चांगलं झापलंच. हॉटेलात रोज ढॅणढॅण वाजवून तुझेच कान वाजायला लागलेत, डॉक्टरकडे जा. तीन आठवडे ती जे ऐकू येत नव्हतं ते काढत होती आणि काढलं म्हणून सांगत होती. तो बिचारा डॉक्टरकडे जाऊनही आला. कान उत्तम आहेत म्हणाला. तेव्हाही तिला डॉक्टरचाच राग आला होता.

या राग येण्याची तिला आता लाज वाटली, पण लाजेलाही बूड सापडेना, ती घसरून भलतीकडेच गेली. धाकटा चार महिन्यांचा होता तेव्हापासून त्याला दमा होता. आई रात्रपाळीला जायची. तेरा वर्षांची ती त्याच्या पाळण्याला पाठ लावून निजायची, आणि धाप सुरू व्हायच्या आधी त्याच्या श्वासाच्या शेवटाला केसाएवढी एक शिट्टी लागायची ती तिला झोपेत ऐकू यायची. वडिलांना यायची नाही. डॉक्टर नळी लावून ऐकायचे तरी कधीकधी यायची नाही. ती उठून बाळाला उभं धरायची आणि म्हणायची, आहे, मला ऐकू येतेय. आणि दहा मिनिटांत ते पोर निळं पडायला लागायचं, मग सगळ्यांची पळापळ. ही मुलगी खोटं ऐकत नाही, असं आई शेजारणीला सांगायची. कुणी तिच्या रूपाचं कौतुक केलं नाही, अभ्यासाचं केलं नाही, पण हे एक वाक्य तिनं असं जपलं की पुढं कारखान्यात मुलाखतीला साहेबानं विचारलं, तुम्हाला काय येतं, तेव्हा ती सरळ म्हणाली की मला ऐकू येतं. साहेब हसला होता. मग त्यानं पंधरा स्पीकर वाजवले आणि तिनं त्यातले वाईट चार बोट दाखवून वेगळे काढले. आज तोच भाऊ सांगत होता की शिट्टी आहे, आणि ती त्याला झापत होती.

दाराची कडी वाजली. नवरा भाजी घेऊन आत आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलं की शॉक बसला का. ती म्हणाली, बारा व्होल्टांनी शॉक बसत नाही. मग तिनं त्याला स्पीकरजवळ बोलावलं आणि काही ऐकू येतंय का ते विचारलं. त्यानं कमरेवर हात ठेवून, वाकून, डोळे बारीक करून मनापासून ऐकलं. काहीच नाही, एकदम शांत आहे, असं त्यानं जाहीर केलं, आणि वर म्हणाला की तुझा भाऊ उगाच खुसपट काढतो, पहिल्यापासूनची खोड आहे. एरवी हे ऐकून तिला बरं वाटलं असतं. आज नवऱ्याची साथ अंगावर शहारा आणून गेली. हा माणूस साठीला आलेला, दूरदर्शनचा आवाज शेजाऱ्यांना पाठ होईल इतका मोठा ठेवणारा, पंख्याच्या खाली बसून पंखा बंद आहे का म्हणून विचारणारा. त्याला आणि तिला एकसारखंच ऐकू येत होतं. जेवताना तो किती तरी वेळ सगळ्यांच्याच भावांविषयी बोलत होता, आणि ती हो हो म्हणत होती. चमचा ताटाला लागला की किणकिण येते, तिच्या वरच्या टोकाला आणखी काही असतं का, असलं तर किती दिवसांपासून गेलंय, हे ती चाचपत होती. नसलेलं कसं चाचपणार.

कारखान्यात प्रत्येक स्पीकरला चढण लावत. एक सूर अगदी खालून, पोटातून निघे आणि न थांबता वर वर चढत जाई, वीस सेकंदांत घुमण्यापासून सुईच्या टोकापर्यंत. कानताईचा नेम होता, एक चढण तीनदा ऐकल्याशिवाय शिक्का नाही. बाकीचे एकदा ऐकत. तीनदा ऐकणं हा तिचा हट्ट होता आणि अभिमानही. सुपरवायझर कुरकुरायचा, माल अडतो म्हणायचा, ती मान हलवून तीनदाच ऐकायची. दिवसाला शंभर चढणी धरल्या तर सव्वीस वर्षांत किती झाल्या, तो आकडा डोक्यात मावेना. आणि जेवणानंतर आडवी पडून छताकडे बघताना तिच्या मनात सहजच चढण सुरू झाली. खालची घुमी, मग मधला माणसाच्या गळ्याचा भाग, मग पितळेसारखा, मग काचेसारखा, मग सुई. विसाव्या सेकंदाला बंद. लख्ख. खोलीत काहीच वाजत नव्हतं आणि तिला ती शेवटपर्यंत लख्ख ऐकू आली होती. ती ताडकन उठून बसली. म्हणजे केबिनमध्येही असंच. खालून निघालेला सूर अर्ध्या वाटेवर तिला सोडून जात असणार, आणि पुढचा रस्ता पायांना पाठ म्हणून ती मनातल्या मनात चढत असणार, कुठंही न अडखळता, न खरखरता. मनातल्या स्पीकरला कधी डिंकाचा थेंब चिकटत नाही. ती तीनदा ऐकत होती आणि तीनदा आठवत होती. एकदा ऐकणाऱ्याला निदान शंका आली असती.

दोन नंबरवालीला ती आली होती. तिशीची, सडपातळ, फार न बोलणारी बाई. चार वर्षं शेजारच्या केबिनमध्ये, पण डबा वेगळ्या बाकावर खायची. त्या लॉटचे पाच स्पीकर हातात घेऊन ती एक नंबरमध्ये आली आणि म्हणाली की पार वर गेल्यावर चिरचिरतं, ताई, तुम्ही एकदा ऐका. कानताईनं एकदा नाही, तीनदा ऐकलं. चिरचिर नव्हती. माल घाईचा होता. सुपरवायझरनं दोघींना समोरासमोर उभं केलं, आणि दोन नंबरवाली पुन्हा म्हणाली की मला ऐकू येतंय. तेव्हा कानताईनं काय केलं, तर ती हसली. वाईट नाही, मायेनंच हसली, आणि म्हणाली, सुरुवातीच्या वर्षांत असं होतं, माणूस जास्त ऐकायला लागतो. बोलणं एवढंच. त्या हसण्यावर सुपरवायझरनं ठरवून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात दोन नंबरची केबिन बंद झाली आणि ती बाई खोक्यांना चिकटपट्टी लावायला गेली. भत्ता गेला, बसायची खुर्ची गेली. जिन्यात समोर आली की ती बाजूला होऊन वाट द्यायची. कानताईला तो उद्धटपणा वाटायचा.

चारला धाकटा आला. गिटार पाठीवर, तोंडात तक्रार. आज तरी पूर्ण झालंय का, की मी म्हातारा झाल्यावर मिळणार, असं दारातूनच सुरू झालं. तिनं त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, शिट्टी आली की हात वर कर, गेली की खाली. तो म्हणाला की ही शिक्षा कशाची, मी काय केलं. पण उभा राहिला. ती चिपची वायर लावत होती, काढत होती. लावली, हात खाली. काढली, हात वर. पटकन दोनदा फसवायला गेली, तर तो हात दोनदा फडफडला. सात वेळा केलं, सातही वेळा बरोबर. तिच्या समोर मात्र एकच गोष्ट घडत होती, भावाचा हात वर जात होता आणि खाली येत होता, बिनआवाजी चित्रासारखा. मग तिनं ती वायर सोल्डरनं पक्की केली. दोन पायांमधली पाऊण इंचाची वायर, अर्ध्या मिनिटाचं काम. धुराची बारीक रेघ वर गेली. झाकणाचे चार स्क्रू आवळून तिनं पेडल त्याच्या पायाशी ठेवलं.

त्यानं वाजवलं. काय वाजवलं ते तिला माहीत नव्हतं, पण पहिल्या दोन तारांनंतर तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. हळू वाजताना तो सूर घरातल्या माणसासारखा होता, आणि तारेवर जोर पडला की व्हॉल्व्हला ते झेपेना, तो कडेनं झिजायला लागे, घोगरा होई, पण तुटत नसे. चार महिने हा सांगत होता ते हे. हा भाग तिला पुरता ऐकू येत होता. तिच्याच हातानं केलेलं, तिलाच पुरतं ऐकू येणारं, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला वैताग आला. धाकटा थांबला. शिट्टी खरंच गेल्याची खात्री पटून त्यानं मान डोलावली, इतके दिवस ही का जमली नाही म्हणून चिडवायला तोंड उघडलं. तिला आता एवढंच म्हणायचं होतं की चिपची चूक होती. ते खोटंही नव्हतं. शिट्टी आता कुणालाच ऐकू येत नव्हती, त्यालाही नाही, सगळे सारखे झाले होते. ते वाक्य जिभेवर तयार होतं. दुसरंच बाहेर पडलं.

"मला ती कधी ऐकूच आली नाही रे," ती म्हणाली. "एकदाही नाही."

तो आधी हसला. मग त्यानं गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिनं सगळं सांगितलं, स्कोपचं, चढणीचं, दोन नंबरवालीचं, उद्याचं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, तो मुकाट्यानं आत गेला. धाकट्यानं तिचा हात हातात घेतला. आयुष्यात कधी समजूतदारपणे न वागलेला हा माणूस आज एकदम समजूतदार झाला, आणि नको तेव्हा झाला. वय झालं की वरचं सगळ्यांचंच जातं, म्हणाला, त्यात काय एवढं. तुझी चारच वर्षं राहिलीत. उद्या लॉट नापास करून टाक, म्हण की आता नीट ऐकलं, मागच्या वेळी सर्दी होती. त्या बाईला पुन्हा केबिन मिळेल, तुझीही राहील, कुणाचं काही जात नाही.

"आणि परवा?" तिनं विचारलं.

"परवा काय?"

"परवा नवा लॉट येईल. त्यात काय ऐकू?"

त्यानं तिचा हात सोडला. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, तुला तिथून काढलं तर तू काय करशील?" ती म्हणाली की पेडल उचल आणि नीघ, हॉटेलची वेळ झाली, आणि अडॅप्टर विसरलास तर पुन्हा फोन करू नकोस. तो गेला. अडॅप्टर विसरला नाही, टेबलावर गिटारच्या तारा दाबून धरायचा चिमटा, स्वतःची कॅपो, तेवढी विसरला. त्या रात्री तिला झोप लागली, याचं तिला सकाळी आश्चर्य वाटलं.

सोमवारी सुपरवायझरनं परत आलेले वीस स्पीकर आधीच तिच्या केबिनबाहेर रचून ठेवले होते. ताई, ऐकून टाका, सही करा, गिऱ्हाइकाचं काही खरं नसतं, असं म्हणत त्यानं कार्ड पुढं केलं. तिनं कार्ड घेतलं नाही. तिनं पॅकिंगमधून दोन नंबरवालीला बोलवायला सांगितलं. त्यानं कशाला म्हणून विचारलं, तर बोलवा, मग सांगते, एवढंच म्हणाली. दोन नंबरवाली आली. बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागलेला, तो ती अंगठ्यानं मळून काढत होती. आता कशाला, माझा हात बसलाय तिकडं, असं ती कुणाकडेच न बघता म्हणाली. कानताईनं दोघांसमोर उभं राहून, घरी पाठ केलेली सगळी वाक्यं विसरून, सांगितलं.

"मला वरचं ऐकू येत नाही. कधीपासून ते माहीत नाही. या बाई खरं बोलत होत्या."

सुपरवायझरला ते पटेना. तो घाईघाईनं केबिनचं दार लावून घेत म्हणाला की सर्दीबिर्दी असेल, दोन दिवस सुट्टी घ्या, असं एकदम बोलू नये. त्याच्या डोळ्यांत कानताईची काळजी नव्हती, गेल्या दोन-तीन वर्षांतल्या सगळ्या कार्डांची होती. तेव्हा तिनं खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि दोन नंबरवालीला बसायला सांगितलं. सुपरवायझरला म्हणाली की तुम्ही यातल्याच एका स्पीकरवर चढण लावा, पण वीस सेकंदांची नको, वेग बदला, किती ठेवला ते मला सांगू नका. सूर ऐकू येतोय तोवर हात वर, गेला की खाली. दोन नंबरवालीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या बघण्यात माफी नव्हती, रागही फारसा नव्हता. काम कसं करायचं हे समजून घेणाऱ्याचं ते बघणं होतं. मग तिनं डिंक लागलेला हात वर केला.

चढण खालून निघाली. कानताईनं हात वर केला आणि डोळे उघडेच ठेवले, मिटले असते तर आठवण पुढं धावली असती. सूर कधी नव्हे इतका सावकाश चालला होता. घुमी आली, मग गळा, मग पितळ. ओळखीची वळणं नेहमीच्या जागी येईनात, त्यामुळं पुढचं वळण मनात आधी तयार होत नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ती नुसती ऐकत होती. काच सुरू झाली. काच पातळ झाली, आणखी पातळ झाली, आणि एका जागी, काही न सांगता, संपली. इथं. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी खाली. तिनं हात मांडीवर ठेवला. केबिनमध्ये शांतता होती, काचेपलीकडे सुपरवायझर डायलवर बोट ठेवून उभा होता, डायल फिरत होती. तिनं शेजारी पाहिलं. दोन नंबरवालीच्या कपाळावर एक आठी पडली, ओठ जरा आवळले, म्हणजे चिरचिर सुरू झाली असावी. तिचा हात वर होता. कानताई त्या हाताकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. हात वरच होता.